परतावा मिळतो, तरी कार्बन कर नको का वाटतो?

गेल्या अंकात कार्बन कराचा, म्हणजे इंधन जाळून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर लावायच्या कराचा, ओझरता उल्लेख केला होता, त्यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेली, काही गोंधळलेली. सार्वजनिक वित्त हा माझा शिकवण्याचा विषय आहे आणि त्यातही हा भाग माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून या वेळचं सदर त्यालाच देते आहे.

प्रश्न : मॅडम, इंधनावर कर लावायचा आणि जमलेला पैसा पुन्हा कुटुंबांनाच वाटायचा, याला काय अर्थ आहे? या खिशातला पैसा त्या खिशात गेल्याने प्रदूषण कसं कमी होणार?

भरला तेवढाच पैसा परत येतो असं धरून चाललं की ही शंका येतेच. प्रत्यक्षात दोन्ही हिशेब वेगळे असतात. कर बसतो तुम्ही जाळलेल्या इंधनावर. परतावा मात्र माणशी किंवा कुटुंबामागे ठरलेला असतो, तुम्ही किती इंधन जाळलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताचं उदाहरण घेऊ. एप्रिल २०२४ पासून तिथे कर होता कार्बन डायऑक्साइडच्या टनाला ८० डॉलर. पेट्रोलवर तो लिटरला १७.६१ सेंट पडायचा, घर गरम ठेवायला लागणाऱ्या नैसर्गिक वायूवर घनमीटरला १५.२५ सेंट. समजा, चौघांच्या एका कुटुंबाने वर्षभरात ४,००० लिटर पेट्रोल आणि २,८०० घनमीटर वायू वापरला. पेट्रोलवरचा कर झाला साधारण ७०४ डॉलर, वायूवरचा ४२७. एकूण ११३१. त्याच कुटुंबाला परतावा मिळायचा दर तिमाहीला ४५० डॉलर, म्हणजे वर्षाला १,८००. मालवाहतुकीतून इतर वस्तूंच्या किमतीत शिरलेला कर वेगळा, पण तो धरूनही अशा घराच्या हाती काही उरण्याची शक्यता चांगली होती. आता मोठं घर, मोठ्या गाड्या, ८,००० लिटर पेट्रोल आणि ६,००० घनमीटर वायू, असं चौघांचं दुसरं कुटुंब धरा. त्यांचा कर २,३०० डॉलरच्या वर जातो. परतावा तोच, १,८००.

आणि तुमच्या शंकेचं खरं उत्तर इथे आहे : पहिल्या कुटुंबाने पुढच्या वर्षी १,००० लिटर पेट्रोल वाचवलं तर त्यांचे १७६ डॉलर वाचतात, परताव्यातून मात्र एक सेंटही कमी होत नाही. इंधन महागच राहतं, म्हणून ते वाचवण्याचं कारणही शिल्लक राहतं. आपल्या वागण्याने दुसऱ्याला जो भुर्दंड पडतो तो किमतीत धरला जावा, हा विचार आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडला होता. परताव्याची जोड त्याला पुढे मिळाली, आणि ती मिळाली म्हणूनच मला हा कर न्याय्य वाटतो. परतावा नसलेला इंधन कर गरिबाला त्याच्या उत्पन्नाच्या मानाने जड जातो, हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते.

प्रश्न : मग हे सगळं एवढं सरळ असेल तर कॅनडातल्या लोकांनी तो कर का नाकारला? लोकांना स्वतःचा फायदा कळत नाही का?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य मला खटकलं. ते माझ्या पेशातली मंडळीही सर्रास बोलतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी एक निवेदन काढलं. पुढे त्यावर साडेतीन हजारांहून जास्त जणांच्या सह्या झाल्या, त्यांत नोबेल मिळालेले होते, मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख होते. कार्बन कर लावा आणि सगळा पैसा सर्वांना सारखा वाटा, बहुसंख्य कुटुंबांचा त्यात फायदाच आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनडाच्या संघ सरकारने जवळजवळ हेच केलं. ज्या प्रांतांनी स्वतःची व्यवस्था केली नव्हती तिथे टनाला २० डॉलरने सुरुवात झाली, आणि जमेतला सुमारे नव्वद टक्के भाग कुटुंबांकडे परत जाईल असं ठरलं.

आता हा पैसा लोकांना दिसला कसा ते पाहा. सुरुवातीची वर्षं तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रातली एक ओळ होता. परताव्याच्या किंवा देण्याच्या एकूण आकड्यात तो मिसळून जायचा. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की पहिल्या वर्षीची रक्कम कर सुरू होण्याच्या सुमारासच हाती पडत होती, म्हणजे सरकारने आधी देऊ केलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहावं अशी सोयच नव्हती. जुलै २०२२ पासून दर तिमाहीला थेट खात्यात पैसे येऊ लागले. तरी पासबुकात नोंद काय, तर सरकारकडून जमा, अशा अर्थाचं एखादं मोघम संक्षिप्त रूप, प्रत्येक बँकेचं वेगळं. ही रक्कम कशाची हे त्यावरून समजणं कठीण होतं. शेवटी २०२४ मध्ये सरकारने योजनेचं नाव बदलून त्यात कार्बन हा शब्द आणला आणि नोंद नीट करा म्हणून बँकांच्या मागे लागलं. तोवर पाच वर्षं गेली होती.

कराचं तसं नव्हतं. गाडीत पेट्रोल भरताना भाव समोर झळकत असतो, आणि तो आठवड्याला पाहावा लागतो. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर जगभर तेलाचे भाव भडकले. त्या वाढीत कराचा वाटा लहान होता, पण रोष काढायला करच जवळ होता. विरोधी पक्षनेते पिएर पोलिएव्ह यांनी कर हटवा अशी तीन शब्दांची घोषणा दिली आणि ती घरोघर पोचली. परताव्याची बाजू सांगायला मात्र वर दिलं तसं अख्खं गणित मांडावं लागतं.

त्यात सरकारने स्वतःच्या हाताने एक खिंडार पाडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये घर तापवायच्या तेलावरचा कर तीन वर्षांसाठी थांबवला. हे तेल अटलांटिक किनाऱ्याच्या प्रांतांत जास्त वापरतात. ज्यांची घरं वायूवर चालतात त्यांनी साहजिकच विचारलं, मग आम्ही काय घोडं मारलंय? आणि ज्या क्षणी सरकार म्हणतं की या लोकांना हा कर जड जातोय, त्या क्षणी बाकीच्यांना सांगितलेलं फायद्याचं गणित खोटं वाटू लागतं. माझ्या मते त्या दिवशीच हा कर संपला. पुढचं सगळं औपचारिक होतं : मार्च २०२५ मध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले, त्याच दिवशी त्यांनी तो शून्यावर आणण्याच्या निर्णयावर सही केली आणि १ एप्रिलपासून तो गेला.

संसदेच्या अंदाजपत्रक अधिकाऱ्याच्या कार्यालयाचे अहवालही या काळात गाजले. त्यांनी दोन हिशेब मांडले होते. एका हिशेबात फक्त भरलेला कर आणि मिळालेला परतावा होता, त्यात बहुतेक कुटुंबं फायद्यात दिसत. दुसऱ्यात रोजगार आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा अंदाजित परिणामही धरलेला होता, त्यात बरीच कुटुंबं तोट्यात दिसत. सरकार पहिला आकडा वाचून दाखवी, विरोधक दुसरा. वर त्या कार्यालयाने २०२४ मध्ये कबूल केलं की दुसऱ्या हिशेबात मोठ्या उद्योगांवरच्या वेगळ्या कराचा परिणामही चुकून मिसळला गेला होता. संध्याकाळी दमून घरी आलेल्या माणसाने यातला कोणता आकडा खरा मानायचा होता? त्याला फायदा कळत नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : म्हणजे परताव्याची नीट जाहिरात केली की लोक कराच्या बाजूने येतील, असं समजायचं का?

मलाही बरीच वर्षं हीच आशा होती. आता तेवढी नाही, कारण पुरावा फारसा साथ देत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून घर तापवण्याच्या इंधनांवर असा कर आहे. त्यातला सुमारे दोन तृतीयांश पैसा परत जातो, आणि नागरिकांचा वाटा सगळ्यांना समान मिळतो. मिळतो कसा, तर सक्तीच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होऊन. २०२४ मध्ये माणशी वर्षाला ६४.२० फ्रँक होते, म्हणजे महिन्याला पाचेक फ्रँक. विम्याच्या बिलातली ती बारीक ओळ किती जण वाचतील? २०२२ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात कॅनडा आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांतल्या लोकमताचा अभ्यास आला. दोन्हीकडे अनेकांना परताव्याची माहितीच नव्हती आणि बऱ्याच जणांनी रक्कम फार कमी सांगितली. इथवर अपेक्षित होतं. पण संशोधकांनी लोकांना त्यांची स्वतःची खरी रक्कम सांगून पाहिली, तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कराचा पाठिंबा थोडासाच वाढला आणि कॅनडात, विशेषतः कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्षाच्या मतदारांत, तो उलट कमी होण्याची चिन्हं दिसली. माणूस कोणत्या पक्षाचा, यावर त्याचा परताव्याचा अंदाज जास्त अवलंबून होता.

फ्रान्समध्ये इंधन करवाढीविरुद्ध झालेल्या ‘पिवळ्या जाकिटांच्या’ आंदोलनानंतर दूएन आणि फाब्र या दोन अर्थतज्ज्ञांनी असंच सर्वेक्षण केलं. कर आणि सर्वांना समान परतावा अशी योजना मांडली, तरी मोठ्या बहुमताने ती नाकारली. स्वतःचा तोटा लोक वाढवून सांगत होते, आणि विरोधकांना उलट माहिती दिली तर ती बहुतेक जण बाजूला सारत होते.

हे वाचून लोकांना बोल लावण्याआधी त्या देशात आधी काय घडलं ते आठवावं. २०१८ मध्ये तिथे कार्बन कराचा दर टनाला ४४.६० युरो होता, २०१९ मध्ये ५५ करायचं ठरलं होतं. कुटुंबांना त्यातून थेट असा परतावा नव्हता. त्याच वर्षी श्रीमंतांच्या एकूण संपत्तीवरचा कर काढून फक्त स्थावर मालमत्तेवर ठेवला गेला. कामासाठी रोज लांबवर गाडी चालवणारा माणूस डिझेलचे जादा पैसे मोजत होता आणि गडगंज लोकांना सूट मिळालेली पाहत होता. १७ नोव्हेंबर २०१८ ला हजारो लोक चौकाचौकांत उतरले, आणि काही आठवड्यांत सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. एवढं झाल्यावर कुणी म्हणालं, ‘या वेळी पैसे परत देऊ’, तर का विश्वास ठेवावा?

ऑस्ट्रियाचं उदाहरण तर मला जास्त बोचतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे टनाला ३० युरोने कर सुरू झाला आणि त्यासोबत प्रत्येकाला ‘हवामान बोनस’ या नावाने परतावा. ज्यांच्या भागात बस-रेल्वेची सोय कमी, त्यांना जास्त : २०२४ मध्ये प्रौढ माणसाला राहत्या ठिकाणाप्रमाणे १४५ ते २९० युरो. खूप विचार करून आखलेली योजना होती. २०२५ मध्ये नवं सरकार आलं, तिजोरीत खड्डा होता, आणि बोनस बंद झाला. कर चालूच राहिला. सर्वेक्षणात ‘परतावा टिकेल असं वाटत नाही’ म्हणणारा माणूस अडाणी ठरत असेल, तर ऑस्ट्रियात तो खरा ठरला त्याचं काय करायचं?

याउलट ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये टनाला २३ डॉलरची कार्बन किंमत आली, तेव्हा भरपाईचा मोठा भाग प्राप्तिकरातच बसवला होता. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,००० डॉलरवरून १८,२०० वर नेली, निवृत्तिवेतन वाढवलं. २०१४ मध्ये टोनी ॲबट यांच्या सरकारने कार्बन किंमत रद्द केली, करमुक्त मर्यादा मात्र तशीच राहिली. भरपाई कुठे रोवलेली आहे यावर तिचं आयुष्य ठरतं. अंदाजपत्रकातली एक सुटी ओळ खोडणं सोपं असतं.

तेव्हा जाहिरातीने थोडं काम होईल, पण खरी गरज कायद्याची आहे. कर आणि परतावा एकाच कलमात बांधलेले हवेत, परतावा थांबला तर करही आपोआप थांबेल असे. मला हे मनापासून वाटतं, आणि अर्थमंत्र्यांना ते आवडणार नाही हेही मला माहीत आहे.

प्रश्न : ताई, सरासरी कुटुंब फायद्यात असेल, पण मी शहरापासून लांब राहते. बस नाही, घर जुनं आहे. माझं काय?

तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि समान परताव्याची सगळ्यात दुखरी जागा हीच आहे. कमी उत्पन्नाच्या गटाचा सरासरीने फायदा होतो, पण त्या गटातली जी कुटुंबं लांब राहतात, जुन्या गळक्या घरात राहतात, त्यांतली काही तोट्यात जातात. त्यांना सरासरी दाखवून गप्प बसवणं मला पटत नाही.

ऑस्ट्रियाने ठिकाणाप्रमाणे दर ठरवले ते याच कारणाने. कॅनडात ग्रामीण भागासाठी १० टक्के जादा मिळत होते, एप्रिल २०२४ मध्ये ते २० टक्के केले. स्वित्झर्लंड कराचा तिसरा हिस्सा मुख्यतः इमारतींच्या दुरुस्तीसाठी ठेवतं, म्हणजे मुळात इंधनच कमी लागावं. यांपैकी कोणतीही तरतूद प्रत्येक घरापर्यंत पोचत नाही. तुमच्यासारख्यांसाठी घराच्या दुरुस्तीची मदत कर वाढण्याआधी हाती आली पाहिजे, नंतर नव्हे.

प्रश्न : पैसे वाटण्याऐवजी सार्वजनिक वाहतुकीवर खर्च केले तर लोक पाठिंबा देतील का?

कित्येक सर्वेक्षणांत लोक तसं सांगतात. पण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात दोन्ही करून पाहिलं : २०१६ मध्ये इतर कर कमी करून भरपाई देणारा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला, २०१८ मध्ये हरित कामांवर खर्च करणारा आला आणि तोही पडला. सर्वेक्षणातला होकार मतपेटीपर्यंत टिकेलच असं नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. आम्हाला या विषयावर लोकांची मतं गोळा करायची आहेत. प्रश्नावली कशी करावी?

‘कार्बन कर हवा का?’ एवढंच विचारू नका, त्यातून फक्त कर या शब्दाबद्दलची नावड मोजली जाते. मी वर्गात काय करते ते सांगते. अर्ध्या मुलांना नुसत्या कराबद्दल विचारते आणि उरलेल्यांना करासोबत परताव्याची रक्कम सांगून. दुसऱ्या गटात हात जास्त वर येतात. मग सगळ्यांना तिसरा प्रश्न करते : हा परतावा पाच वर्षांनंतरही मिळत असेल असं किती जणांना वाटतं? तेव्हा वर आलेले हात खाली जातात. तुमच्या प्रश्नावलीत हा तिसरा प्रश्न जरूर असू द्या.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने मलाच विचारलं, ‘मॅडम, कर भरायला अर्ज करावा लागत नाही. परतावा मिळवायला करावा लागतो का?’ इतका नेमका प्रश्न मी परिषदांमध्येही क्वचित ऐकला आहे. कॅनडात परताव्यासाठी प्राप्तिकराचं विवरणपत्र भरणं आवश्यक होतं. ज्यांचं उत्पन्न इतकं कमी की विवरणपत्र भरायची वेळच येत नाही, ते कर भरत राहायचे आणि परताव्याला मुकायचे. तेव्हा लोकांना हेही विचारा की गेल्या वर्षी सरकारकडून मिळणारी कोणती रक्कम कागदपत्रांअभावी त्यांच्या हातून गेली. ज्यांच्या हातून गेली असेल त्यांची कराबद्दलची उत्तरं वेगळी काढून पाहा, आणि काय सापडलं ते मला नक्की कळवा.